गारवा नको, पेटी हवी

एप्रिल १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या वस्तूंचा लिलाव झाला. विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी जॉन केनेडींना भेट दिलेली सिगारपेटी त्यात ५ लाख ७४ हजार ५०० डॉलरना गेली. सिगार जपायच्या अशा पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. नावाचं वलय नसलं, तरी कपाटाएवढा ह्युमिडॉर स्वस्तात मिळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी एक तोडगा काढला: अडगळीत पडलेला जुना फ्रिज.

यातली पहिली पायरी म्हणजे फ्रिजचा प्लग काढणं.

सिगार हा तंबाखूच्या पानांचाच ऐवज. आत सारणाची पानं, त्यांना बांधून ठेवणारं पान आणि सगळ्यात वर नाजूक आवरणाचं पान. ही पानं हवेतली आर्द्रता शोषतात आणि सोडतात. साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता त्यांना मानवते. हवा कोरडी झाली की आवरण तडकतं, सिगार भराभर जळतो. फार दमट झाली की बुरशी धरते आणि झुरका ओढवत नाही.

चालू फ्रिज नेमका इथेच आडवा येतो. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं, ५ अंशांना ७ ग्रॅमही मावत नाही. उरलेलं पाणी थंड कॉइलवर थेंब किंवा बर्फ होऊन बसतं आणि मागच्या नळीने बाहेर जातं. फ्रिजमध्ये उघडी राहिलेली पोळी कडक होते, तीच गत सिगारची. पण मशीन बंद करून पाहिलं, तर उरते एक अव्वल पेटी: दोन भिंतींमध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि दाराला चुंबक बसवलेलं रबर. दारात कागद धरून ओढावा. तो सहज निसटला, तर रबर बदलायला झालं आहे.

मग साफसफाई. तंबाखू वास पटकन धरतो, म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसून, दार उघडं टाकून फ्रिज अनेक दिवस वाळवतात. पाणी जाण्याचं भोक बुजवतात. भिंतीला मात्र ड्रिल लावायचं नाही. अनेक मॉडेलमध्ये भिंतीतून वायूच्या नळ्या जातात आणि नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन ज्वलनशील असतो.

आत फळ्या लागतात त्या स्पॅनिश सीडरच्या. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष कडुलिंब-महोगनीच्या कुळातला. त्याचा गंध सिगारला मानवतो आणि लाकूड ओलावा धरून ठेवतं. हे धरून ठेवणंच महत्त्वाचं. १६५ लिटरच्या फ्रिजमधल्या हवेत ७० टक्के आर्द्रतेला जेमतेम दोन ग्रॅम पाणी असतं. दार उघडलं की ते गेलंच. खरा साठा लाकडात आणि पानांत. त्यामुळे कोऱ्या, कोरड्या फळ्यांवर सिगार थेट ठेवले, तर लाकूड त्यांचाच ओलावा पितं. आधी आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून फळ्या मुरवाव्या लागतात. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार साचतात. पुढे आर्द्रता राखायला सिलिका मणी किंवा ओलावा देणारी-घेणारी पाकिटं वापरतात.

आर्द्रतामापक खरं सांगतो का, हे स्वयंपाकघरातल्या मिठाने कळतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर हवा. ७१ दाखवला, तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवायचे.

उष्मा हा मोठा शत्रू. पारा २४-२५ अंशांपलीकडे गेला की तंबाखूतल्या बारीक भुंग्याची अंडी उबायचा धोका वाढतो. लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने हा किडा आपल्याकडे हळकुंडंही पोखरतो. शंका असलेले सिगार पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू बाहेर आणतात. बंद पेटी उष्मा थोपवत नाही, फक्त लांबवते. नागपूरच्या मे महिन्यात ती एसीच्या खोलीतच हवी. काही जण बाहेरून थर्मोस्टॅट जोडून कॉम्प्रेसर १८-२० अंशांवर चालवतात, पण कॉइल पुन्हा हवा सुकवते आणि पाणी वरचेवर भरावं लागतं. एकूण हिशेब पाहता खोली गार असेल तर बंद फ्रिजच बरा.

सिगार अपायकारकच, पेटी कितीही चांगली असली तरी. पेटीचाही एक धोका आहे. पूर्वी फ्रिजची दारं खिट्टीने बंद होत आणि लपाछपीत आत शिरलेली मुलं गुदमरत. अमेरिकेने १९५६ मध्ये, दार आतून उघडता आलंच पाहिजे, असा कायदा केला. त्यानंतर खिट्ट्या जाऊन चुंबकी रबराची दारं रूढ झाली. तरीही जुन्या फ्रिजला खिट्टी किंवा कुलूप असेल, तर कामाला हात घालण्यापूर्वी ते काढून टाका. आणि फ्रिज भंगारातच द्यायचा ठरला, तर अंगणात ठेवण्याआधी त्याचं दार उतरवा.