‘रिव्हर मार्क्ड’: एका वारशाचे पुनर्वाचन

इंग्रजीतील लोकप्रिय कादंबऱ्यांकडे आपल्या वर्तुळात फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही. लांडगे होणाऱ्या माणसांच्या कथा म्हणजे भरल्या पोटाची करमणूक, असे मीही मानत होते. पॅट्रिशिया ब्रिग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘रिव्हर मार्क्ड’ (२०११) मी पहिल्यांदा वाचली ती अशीच. पेपर तपासून डोके शिणले की रात्री दहा-वीस पाने. यंदा ती पुन्हा वाचली आणि पहिल्या वेळी जे सहज ओलांडून गेले होते, नेमकी तेथेच अडकले.

या प्रकाराला ‘अर्बन फँटसी’ म्हणतात. आजचे शहर, त्यातली गॅरेजे, पोलीस, थकलेली बिले जशीच्या तशी असतात आणि त्यांच्या शेजारी लांडगामानव व रक्तपिपासू नांदतात. ‘मून कॉल्ड’ (२००६) पासून सुरू झालेल्या मालिकेतील ही सहावी कादंबरी. नायिका मर्सी थॉम्प्सन वॉशिंग्टन राज्यातील ट्राय-सिटीज भागात फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते. मनात येईल तेव्हा ती कायोटी होते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून लहान असा तिकडचा प्राणी.

मर्सीची आई गोरी. बाप ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचा, बैलांवर बसण्याचे खेळ करणारा. तो तिच्या जन्माआधीच गेला. पाळण्यात मुलीच्या जागी पिल्लू पाहून भांबावलेल्या कोवळ्या आईने तिला मोंटानातील लांडगामानवांच्या स्वाधीन केले. त्या कळपात कोण कोणाच्या वर, कोणी कोणासमोर नजर खाली घ्यायची, याची पक्की उतरंड असते. (हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.) मर्सी ती उतरंड पाठ करून वाढते. पुढे ती इतिहासाची पदवीही घेते. पण बापाच्या लोकांविषयी तिला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. पहिल्या वाचनात ही इतिहासाची पदवी माझ्या लक्षातही आली नव्हती. मी स्वतः पदवी घेतली तेव्हा युरोपातील राजघराण्यांच्या वंशावळी मला मुखोद्गत होत्या आणि पणजीचे नाव माहीत नव्हते.

लग्नानंतर मर्सी नवऱ्याबरोबर कोलंबिया नदीकाठी मुक्कामाला जाते. नदीतला एक राक्षस माणसे गिळत असतो. तेथे तिला तिच्यासारखी रूप पालटणारी माणसे भेटतात, खडकावरची जुनी चित्रे दिसतात, आणि अखेर खुद्द कायोटी समोर येतो, कथांमधला तो आद्य खोडकर. आपला बाप हे त्यानेच घेतलेले माणसाचे सोंग होते, हे तिला कळते. मग मला बाप होता की नव्हता, हा तिचा प्रश्न कादंबरीतील सर्वांत खरा भाग आहे. राक्षसाशी झुंज त्यामानाने नेहमीची.

आता त्या जागेविषयी. ‘पाहत राहणारी’ म्हणजे त्सागाग्लालाल हे खडकचित्र खरोखरच तेथे आहे. विश्राम लोकांची कथा सांगते की ती गावची प्रमुख होती. पुढे बायका प्रमुख राहणार नाहीत म्हणून कायोटीने तिला लोकांवर कायम नजर ठेवण्यासाठी खडक केले. जवळच सेलायलो धबधबा होता. तेथे हजारो वर्षे सामन मासे धरले जात, दूरदूरच्या जमाती व्यापाराला येत. १८५५ च्या करारांत आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क जमातींनी राखून ठेवला होता. १० मार्च १९५७ रोजी डॅलस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. काही खडकचित्रे आधीच कापून काढली होती; ती धरणापाशी पडून राहिली आणि २००४ मध्ये उद्यानात मांडली गेली. हे समजल्यावर माणसे गिळणारा राक्षस मला वेगळा वाचता आला. मासेमारांचे गाव गिळणाऱ्याला मात्र तेथे ‘विकास’ म्हणतात.

लेखिका गोरी आहे. तिची आस्था खोटी वाटत नाही, पण ब्लॅकफीट लोकांच्या कथांतला खोडकर निर्माता ‘नापी’, म्हणजे म्हातारा. कायोटी मुख्यतः कोलंबिया पठाराकडच्या व इतर जमातींचा. ब्लॅकफीट मुलीला कायोटीची लेक करताना दोन वेगळ्या परंपरा एका दोऱ्यात ओवल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला सारे आदिवासी एकच दिसतात, जसे आपण साऱ्यांना एकच दिसतो.

याहून माझी मोठी अडचण वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, म्हणजे सेलायलो बुडण्याच्या पाचच महिने आधी. त्यानंतर आमच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून नदीत सोडले. मर्सीचे दैवत नदीकाठी तिला भेटायला येते. आमची दैवते आम्ही स्वतःच्या हातांनी नदीला दिली. आणि ते योग्यच केले. मरीआईच्या गाड्यापुढे चालणे आणि येसकराची काठी धरणे एकाच बंधनात बांधलेले होते. मर्सीच्या वारशात गुलामी बाहेरून आली. आपल्या वारशाच्या आत ती विणलेली होती. ‘मुळांकडे चला’ असे कोणी म्हटले की मी म्हणूनच सावध होते.

तरीही कायोटी मर्सीला लेक म्हणून ओळखतो ते पान वाचताना मला आजी आठवली. तिला जात्यावरच्या ओव्या येत. देवीचे नाव आले की ती ओठ मिटून नुसती दळत राही. त्या मिटलेल्या ओठांमागे केवळ अंधश्रद्धाच होती, की तिच्या आईचा आवाजही होता? मी विचारले नाही, आणि आता ती नाही. देव सोडताना गाणेही सोडावे लागते का, यावर आपल्या लेखनात पुरेशी चर्चा झालेली नाही.

विद्यार्थ्यांना ‘रिव्हर मार्क्ड’ वाचू नका असे मी सांगणार नाही. पण जोडीला जेम्स वेल्च यांची ‘फूल्स क्रो’ (१९८६) आणि स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची ‘माँग्रेल्स’ (२०१६) ठेवीन. दोघेही ब्लॅकफीट. ‘माँग्रेल्स’मध्येही लांडगामानवच आहेत, पण गरीब, गाडीत संसार घेऊन या राज्यातून त्या राज्यात पळणारे. येत्या सत्रात पहिला तास त्यांच्यापासून सुरू करायचा, असे ठरवले आहे.