आज्ञावलीची अनुक्रमणिका

कार्यालये, बँका आणि रुग्णालये यांचे बरेचसे व्यवहार आता संगणकाच्या आज्ञावलींवर चालतात. आज्ञावली लिहिणारी माणसे बदलतात. आज्ञावली मात्र वर्षानुवर्षे राहते. साहजिकच तीत दोष आढळला, तर तो दूर करण्याचे काम बहुधा दुसऱ्याच कुणाकडे येते.

हे काम सोपे नव्हे. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात १९९१ साली सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या काही कोटी आहेत. वाचताना एखाद्या फंक्शनचे नाव येते. ते नेमके काय करते हे त्याच्या व्याख्येवरूनच कळते, आणि ती असते भलत्याच फाइलमध्ये. सर्व फाइलींत नाव शोधले, तर त्याचा वापर झालेल्या शेकडो जागा समोर येतात.

यावरील एक उपाय म्हणजे अनुक्रमणिका होय. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात केन अरनॉल्ड यांनी ‘सीटॅग्ज’ हे साधन तयार केले. १९७९ च्या सुमारास तेथील युनिक्स प्रणालीबरोबर ते वितरित झाले. हे साधन सर्व फाइली वाचून प्रत्येक नाव, त्याची फाइल आणि व्याख्येच्या ओळीचा मजकूर यांची नोंद करते. केवळ ओळीचा क्रमांक नोंदला, तर वर एक ओळ वाढताच तो चुकतो. मजकूर बहुधा तसाच राहतो.

नोंदी वर्णक्रमाने लावलेल्या असतात. त्यामुळे दर वेळी निम्मा भाग वगळत गेल्यास दहा लाख नोंदींतून हवे ते नाव जास्तीत जास्त वीस तुलनांत सापडते. ‘विम’ या संपादन-साधनात नावावर येऊन कंट्रोल व उजवा चौकोनी कंस या कळी एकत्र दाबल्या की व्याख्या उघडते. कंट्रोल व टी दाबताच पूर्वीच्या जागी परतता येते.

या सोयीला मर्यादाही आहेत. आज्ञावली बदलली की अनुक्रमणिका नव्याने करावी लागते. एकच नाव अनेक ठिकाणी असल्यास योग्य व्याख्या वाचकालाच निवडावी लागते. २०१६ नंतर प्रसृत झालेल्या ‘लँग्वेज सर्व्हर’ पद्धतीत आज्ञावलीची रचनाही तपासली जाते, त्यामुळे उत्तर अधिक नेमके मिळते. तथापि सीटॅग्जची सुधारित आवृत्ती आजही विनामूल्य उपलब्ध असून साध्या संगणकावरही चालते.

आज्ञावली लिहावयास शिकविताना दुसऱ्याची आज्ञावली वाचावयासही शिकविले पाहिजे. त्या अभ्यासाचा आरंभ या साधनापासून करता येईल.