डबलडेकरचा जिना

जिममध्ये कुणी कोसळल्याची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की वाचकांकडून ठरलेला प्रश्न येतो: चाळिशी उलटली, आजवर काही केलं नाही, आता व्यायाम सुरू करणं धोक्याचं नाही ना? ‘नका करू’ असं एकदाचं सांगून टाका, ही आशाही त्यातून डोकावत असते. ती पुरी करता येणार नाही. प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

मरे मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२२८ रुग्णांना विचारलं, झटक्याच्या आधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता? १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हिशेब छापून आला. धावणं, जड ओझं उचलणं अशा दमछाकीनंतरच्या तासात झटक्याची शक्यता एरवीच्या जवळजवळ सहापट होती. ही झाली सरासरी. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा अशी मेहनत करणाऱ्यांत ती अडीचपटही भरली नाही. एरवी जागचे न हलणाऱ्यांत मात्र १०७ पट!

आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, पण तो कशाच्या १०७ पट आहे हेही पाहायला हवं. पन्नाशीच्या, धूम्रपान न करणाऱ्या, मधुमेह नसलेल्या पुरुषाला एखाद्या विशिष्ट तासात झटका येण्याची शक्यता दहा लाखांत एक, अशी धरली जाते. त्याच्या शंभरपट म्हणजे दहा हजारांत एक. चित्रफितीत हा छेद कधी दिसत नाही. बैठ्या माणसाने एकदम जोर लावला की रक्तदाब उसळतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, धमनीत आधीच साचलेला थर फुटून तिथे गुठळी धरू शकते. सवयीच्या शरीरात ही उसळीच कमी असते. एक जानेवारीला वर्षाची फी भरून पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर पळत सुटणारे या हिशेबात कुठे बसतात, हे वेगळं सांगायला नको.

व्यायामाने हृदय वाचतं हे आपण आज पाढ्यासारखं म्हणतो. ते सिद्ध करायला घेतलं त्या माणसाचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं, याची मला जुनी रुखरुख आहे. जेरी मॉरिस. जन्म १९१० चा, वाढले ग्लासगोत, महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काही काळ हिंदुस्थानातही होते. युद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे रुग्ण वाढत चालले होते आणि कारण कुणाला उमगत नव्हतं. माणसाच्या कामाशी याचा काही संबंध असेल का, असं मॉरिसना वाटलं. मग त्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या.

त्यातून जी जोडी हाती लागली, ती पाहून कुठल्याही संशोधकाला हेवा वाटावा. डबलडेकर बस तीच, रस्ते तेच, दोघंही कामगार वर्गातले. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसभर खाली-वर, रोज पाचेकशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर हजारी, दर वर्षी हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत २.७, कंडक्टरांत १.९. शिवाय कंडक्टरला तो झालाच तर उशिरा आणि सौम्य.

मॉरिस शंकेखोर होते, म्हणून ते मला जास्त आवडतात. बसचे आकडे हाताशी असतानाही छापायची घाई त्यांनी केली नाही. टपाल खात्यात जाऊन पायी-सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीतले कारकून यांची तुलना केली. तिथेही तोच कल निघाला. पण ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? उत्तर त्यांनी शोधलं गणवेशाच्या मापांत! खातं कपडे शिवून देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचा घेर कागदोपत्री होता. ‘गणवेशांचं रोगपरिस्थितिविज्ञान’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा तो लेख १९५६ चा. ड्रायव्हरांच्या विजारी तरुणपणापासूनच रुंद होत्या, हे त्यांनी स्वतःच मांडलं, म्हणजे आपल्याच निष्कर्षाला सुरुंग लावून पाहिला. पुढच्या अभ्यासात सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडले, तरी कंडक्टरांचं पारडं जड राहिलं.

त्या पायऱ्या कुणी ‘व्यायाम’ म्हणून चढत नव्हतं. एका दमातही नाही: थोड्या आत्ता, थोड्या पुढच्या थांब्यानंतर, आणि रोज. सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजायचीच नाही, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काही, एवढं त्या मागतात. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत. यासाठी मनगटावर घड्याळ लागत नाही. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. २०१९ साली आय-मिन ली यांनी सुमारे १७,००० वयस्क स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात फायदा ४,४०० पावलांपासूनच दिसू लागला आणि साडेसात हजारांच्या आसपास स्थिरावला.

सुरुवात हळू करायची ती फक्त हृदयासाठी नाही. दम काही आठवड्यांतच सुधारतो, स्नायूही पाठोपाठ तयार होतात. हाडांना स्नायूंशी बांधणारे कंडरे मात्र मागे राहतात. स्लॅब वरून कडक दिसला तरी कंत्राटदार सेंट्रिंग लगेच काढू देत नाही, पाणी मारत दिवस मोजतो. टाचेमागचा कंडरा तर याहून संथ. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की त्याचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. तिसऱ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ म्हणून अंतर दुप्पट करणाऱ्यांच्या टाचा आणि गुडघे का धरतात, ते यावरून कळावं. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. आणि व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं. ‘पित्त असेल’ म्हणून फेरी पूर्ण करायची नाही.

‘आम्ही कॉलेजात कबड्डी गाजवली’ म्हणणाऱ्या काकांसाठीही एक अभ्यास आहे. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या हजारो माजी विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, पण पुढे खुर्चीला चिकटलेले लोक झटक्यापासून वाचले नाहीत. खेळाचं मैदान न पाहिलेले, पण पुढे हालचालीला लागलेले वाचले. १९७८ चा हा लेख. संशोधन करता करता पॅफेनबार्गर स्वतः पंचेचाळिशीत धावू लागले आणि पुढे बॉस्टन मॅरेथॉनही धावले. १९९६ साली ऑलिंपिकच्या वेळी त्यांना आणि मॉरिसना एक पारितोषिक मिळून देण्यात आलं. मॉरिस तेव्हा ८६ वर्षांचे होते. ते गेले २००९ मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी.

खंड सगळ्यांचाच पडतो. लग्नसराई असते, परीक्षा असतात, पावसात रस्ते तुंबतात. पूर्ण बंद ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांत दम मोजण्याइतका घटतो, म्हणून परतताना जिथे सोडलं तिथून नव्हे, निम्म्यापासून सुरुवात करावी. खंड तापामुळे पडला असेल तर ताप उतरून अंगात ताकद येईपर्यंत धावणं नको आणि वजनं उचलणंही नको, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि अशा वेळी जोर लावणं खरोखरच जिवावर बेतू शकतं. तोवर अंगणात किंवा गच्चीवर रमतगमत मारलेल्या चार फेऱ्या पुरेत.