साहेबांचा पगार कोण ठरवतो?

कारकुनाचा पगार वेतनश्रेणी ठरवते, घरकामाच्या बाईंचा गृहिणी ठरवते. पण बँकेच्या सर्वांत मोठ्या साहेबांचा पगार कोण ठरवतो? हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. वास्तविक पडायला हवा. कारण आयुष्यभराची पुंजी आपण त्याच साहेबांच्या हवाली केलेली असते.

माझ्याकडे एका बँकेचे थोडे शेअर्स आहेत. तिचा वार्षिक अहवाल चाळताना नफ्याचा आकडा पाहिला की बहुतेक जण थांबतात. मी मात्र अलीकडे समित्यांच्या यादीपाशी रेंगाळतो. कोणते संचालक कोणकोणत्या समितीवर बसतात, यात पगाराचे अर्धे इंगित दडलेले असते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दोन समित्या सक्तीच्या केल्या. लेखापरीक्षण समिती हिशेब तपासून घेते. दुसरी समिती वरिष्ठांच्या नेमणुकांची आणि मोबदल्याची शिफारस करते. तेच गृहस्थ दोन्हींवर बसले, तरी कायद्याची हरकत नाही.

हे बरे की वाईट? अभ्यासकांचे एकमत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. साहेबांचा बोनस नफ्यावर ठरतो. तो नफा खरा किती आणि कागदावरचा किती, हे हिशेब तपासणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. तो मोबदल्याच्या बैठकीत असला, तर फुगवलेल्या आकड्यावर बोनस देऊ नका, असे सांगू शकतो. पण ज्या हिशेबांना त्याने स्वतः संमती दिली, त्यांच्यावर इथे शंका घेणे त्याला जड जाते. शिवाय माणूस एक आणि बैठका दहा झाल्या, की मान डोलावणेच सोपे!

बँकेत तर दुखणे आणखी खोल. यंदा सढळ हाताने कर्जे वाटली, तर यंदाच नफा दिसतो. कर्जे बुडतात दोन-तीन वर्षांनी. तोवर बोनस साहेबांच्या खिशात! अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या दडपणाखाली ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडल्याचे २०१६ साली उजेडात आले. पुढे संचालक मंडळाला बड्या अधिकाऱ्यांचा मोबदला परत घ्यावा लागला.

आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१९ साली खासगी बँकांना नियम घातले. प्रमुखाच्या मोबदल्याचा निदान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून असावा, त्यातला किमान ६० टक्के वाटा निदान तीन वर्षांत विभागून मागाहून द्यावा, आणि काम वाईट निघाल्यास तो अडवण्याची वा परत घेण्याची सोय करारात असावी. २०२१ साली आणखी एक पाऊल पडले: मोबदला समितीवर जोखीम समितीचा निदान एक सदस्य हवाच. मात्र लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाने दुसऱ्या कोणत्याही समितीचे अध्यक्षपद घेऊ नये. मला यात मोठे शहाणपण दिसते. माहिती एका समितीतून दुसरीत जावी, पण साऱ्या किल्ल्या एकाच कमरेला नकोत.

एक फट मात्र उरतेच. सेबीच्या नियमाप्रमाणे एका संचालकाने सर्व कंपन्या मिळून दहापेक्षा अधिक समित्यांवर बसू नये. पण या मोजणीत लेखापरीक्षण आणि भागधारक-संबंध याच समित्या धरतात. मोबदला समिती गणतीतच नाही!

तेव्हा वाचकहो, पुढच्या अहवालात नफ्यापाशी थांबू नका. दोन्हींकडे असलेली नावे शोधा. ती माणसे किती बैठकांना हजर होती, हेही तिथेच छापलेले असते. हिशेब जाणणारा एखादा मोबदला समितीत असेल आणि बैठका चुकवत नसेल, तर समाधान माना. पण तीच तीन नावे सगळीकडे दिसली, तर भागधारकांच्या सभेत पगाराच्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा. साहेबांचा पगार शेवटी आपल्याच पैशांतून जातो.