'हरवलं' म्हणण्याआधी

माझ्या काही कवितांचा एक मित्र इंग्रजीत अनुवाद करतो आहे. एका कवितेत मी लिहिलं होतं, अम्माच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या. त्या 'गेल्या'साठी त्यानं शब्द योजला, 'इर्रिट्रीव्हेबली'. पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशा हरवल्या. बी. ए.ला इंग्रजी कसंबसं निभावलेला मी माणूस. कोश काढून बसलो.

या क्रियाविशेषणाच्या मुळाशी 'रिट्रीव्ह' हे क्रियापद आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. 'रि' म्हणजे पुन्हा आणि पुढचा भाग म्हणजे सापडणं. इंग्रजीत आधी ते शिकाऱ्यांच्या तोंडी होतं. निसटलेलं सावज कुत्र्यांनी पुन्हा हुडकायचं, ते 'रिट्रीव्ह'. रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचं नावही त्यातूनच आलं. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक शोध दडला आहे.

त्याची दोन भावंडंही ओळखून ठेवावीत. 'इर्रेपरेबली' म्हणजे दुरुस्त न होण्याजोगं. लोणच्याची बरणी फुटते, तुकडे समोरच असतात, पण सांधता येत नाहीत. 'इर्रिव्होकेबली'च्या मुळाशी हाक मारणं आहे. सुटलेला बाण हाक मारून परत बोलावता येत नाही, तसं.

हा फरक कायद्यातही दिसतो. तात्काळ तलाकविरुद्ध २०१९ साली कायदा झाला. त्यातल्या तलाकच्या व्याख्येत 'इर्रिव्होकेबल' हा शब्द आहे. एकानं उच्चारलं आणि मागे घेण्याची सोय नाही, असा तो तलाक. कायद्यानं तो रद्दबातल आणि गुन्हा ठरवला. पुढे १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला, की लग्न 'इर्रिट्रीव्हेबली' मोडलं असेल, तर घटनेच्या १४२व्या कलमाखाली ते न्यायालय घटस्फोट देऊ शकतं. पण ते आधी पाहतं, दोघं किती वर्षं वेगळी राहिली, समेटाचे प्रयत्न किती झाले. पहिला शब्द एका क्षणात लागू होतो. दुसरा लावायचा, तर आधी शोधून थकावं लागतं.

संगणकावरची फाइल पुसली गेली, की आपण कपाळाला हात लावतो. पुष्कळदा संगणकानं फक्त ती जागा रिकामी म्हणून नोंदलेली असते. तिथं दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस फाइल परत काढू शकतो. तोवर 'इर्रिट्रीव्हेबली' म्हणू नये.

इथं मी अडखळलो. अम्मा जाऊन अकरा वर्षं झाली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की अम्माच्या तोंडी मराठी ओवी यायची. ती गेली, ओव्या गेल्या, असं मी लिहिलं, संमेलनांतून वाचलं, टाळ्याही घेतल्या. पण शोधलं कुठं होतं?

गावी धाकटी खाला आहे. ऐंशी उलटली. दोघी बहिणी लग्नाआधी एकाच जात्याला बसायच्या. मी गेलो, विचारलं. ती हसली. म्हणाली, नुसतं बसून कसं आठवेल? जातं कधीच मोडीत गेलेलं. मग तिनं समोर परात पालथी घातली, तिच्यावर मूठ ठेवली आणि हात गोल फिरवू लागली. पाचसहा फेऱ्या झाल्या आणि पहिली ओवी आली. संध्याकाळपर्यंत सात आल्या. मी लिहून घेत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

मित्राला कळवलं, तो शब्द काढ, साधं 'हरवल्या' लिही. 'गेल्या' म्हणायला मी घाई केली होती.

खालाला सात आठवल्या. अम्माला किती येत होत्या, हे मात्र आता कुणालाच विचारता येत नाही. वाटलं तर तेवढ्यापुरता तो शब्द ठेवावा.