छबी कोणाची, श्रम कोणाचे?

१९३० साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा पैशाअभावी रद्द झाली आणि सलीम अली किहीमला येऊन राहिले. हाताला काम नव्हते, वेळ मात्र भरपूर होता. सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर शिडी उभारून, तिच्यावर कापडी आडोसा बांधून ते तासन्‌तास निरीक्षण करीत बसत. तो अभ्यास पुढे त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला. पाहणाऱ्याजवळ धीर असेल तर अंतर हा अडथळा होत नाही, हे त्या वेळी दिसून आले.

नव्वद वर्षांनी याच किनाऱ्यावर अंतराचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गेटवे ते मांडवा ही बोटीची वाहतूक थांबली आणि एरवी मुंबईकरांना हाकेच्या अंतरावर वाटणारे किहीम एकाएकी दूर गेले. माणसासमोर उभे राहूनच ज्याचे काम चालते, त्या छायाचित्रकाराचा धंदा या अंतराने बसला. तेव्हा जगभरातील अनेक छायाचित्रकारांनी मोबाईलवरील दृश्यसंवादाचा आधार घेऊन, घरात अडकलेल्या माणसांची व्यक्तिचित्रे दुरून टिपण्यास आरंभ केला.

या पद्धतीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. समजा, किहीमच्या एखाद्या वाडीत आजी आणि नात राहिल्या आहेत व छायाचित्रकार दादरच्या आपल्या खोलीत बसला आहे. तो प्रथम घर पाहून घेतो. माडांखालचे ऊन चेहऱ्यावर कवडसे पाडते, म्हणून अंगण बाद होते. पडवीतला उजेड मात्र मऊ आणि एकसारखा असतो. मग तो आजींची खुर्ची दोन हात पुढे ओढावयास सांगतो, मागचा दिवा मालवावयास लावतो, मोबाईलची काच पदराने पुसून घेतो आणि धान्याच्या डब्यावर पुस्तके रचून मोबाईल उभा करवतो. आपल्याच पडद्यावरची प्रतिमा टिपून घेतली तर संपर्क जितका क्षीण तितके चित्र धूसर येते. म्हणून पुष्कळदा कळ नातीला दाबावी लागते आणि मूळ छायाचित्र मागाहून पाठवावे लागते. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे हसू उमटण्याच्या आधीच ‘आता’ म्हणावे लागते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. त्या काळी काचेवरच्या चित्राला काही सेकंद लागत आणि बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार दिला जाई. सर्व श्रम छायाचित्रकाराचे, बसणाऱ्याने केवळ स्थिर राहावयाचे, अशी ती विभागणी होती. टाळेबंदीतील व्यक्तिचित्राने ही विभागणी पार पालटून टाकली. यंत्र बसणाऱ्याचे, जागा त्याची, हालचालही त्याच्याच घरच्यांची. छायाचित्रकाराकडे उरली ती फक्त नजर आणि समोरच्याला मोकळे करणारे चार शब्द.

मग ही छबी कोणाची म्हणावयाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती होय. मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ग्राहक ठरतो. पण कळ नातीने दाबली आणि प्रत्येक निर्णय छायाचित्रकाराने घेतला, तर ‘घेणारा’ कोण? बटण आणि बुद्धी एकाच माणसाकडे असतात, हे गृहीत धरून शब्द योजले गेले. टाळेबंदीने ती दोन्ही वेगळी केली.

कायद्याचा हा प्रश्न वरवर किरकोळ भासेल. त्याच्या पोटात दडलेला उपजीविकेचा प्रश्न मात्र किरकोळ नाही. तालुक्याच्या गावचा स्टुडिओ पासपोर्ट आकाराचे फोटो, शाळांचे गटफोटो आणि मुख्यत्वे लग्नसराई यांवर चालतो. २०२० च्या उन्हाळ्यात ही तिन्ही कामे एकदमच आटली. दुरून चित्रे काढण्याची वाट अशा छायाचित्रकारालाही तत्त्वतः खुली होती. परंतु आपल्याकडे ग्राहक पैसे मोजतो ते प्रतींचे, अल्बमचे आणि हजेरीच्या तासांचे. ‘मोबाईल माझा, बटण मी दाबले, मग पैसे कशाचे?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ पटेल असे उत्तर नव्हते. नजरेची किंमत आजवर कागदाच्या किमतीत लपून वसूल होत होती. कागद गेला तेव्हा ती उघडी पडली. नामवंतांना त्यांचे नाव तारून नेते, सामान्य कारागिराला तसा आधार नसतो.

शिवाय या नव्या पद्धतीचा पाया किती कच्चा होता, हे निसर्गानेच दाखविले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या मोडल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि रायगडमधील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीने माणसांमधील वाट बंद केली होती. वादळाने तिला पर्याय म्हणून काढलेली खिडकीही बंद केली. ज्यांची छबी या दिवसांत खरोखर नोंदवून ठेवावयास हवी होती, ती उडालेल्या पत्र्यांखाली उभी असलेली माणसे या चौकटीत येऊच शकली नाहीत. अंतरावर मात करणारे साधन सर्वांना सारखे लाभले, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे होईल.

बोटी पुन्हा सुरू झाल्या, स्टुडिओ उघडले आणि पडद्यावरून चित्रे काढण्याचा प्रघात बव्हंशी मागे पडला. तथापि त्या दिवसांतली एखादी छबी आज एखाद्या घरात भिंतीवर असेल, तर ती काढणाऱ्याला त्याचे मोल मिळाले होते का, हे त्या घराने स्वतःस विचारावयास हरकत नाही. शिडीवर बसून पाहणाऱ्याच्या श्रमाची कदर आपण पुस्तकांतून करतो. पडद्यापलीकडून ‘आजी, जरा उजेडाकडे बघा’ असे सांगणाऱ्याचे श्रमही त्याच जातीचे होते; ते हिशेबात धरावयास आपण अद्याप शिकलेलो नाही.