मासुंते गावातील एक लहान हॉटेल

मेक्सिको देशाचे नाव आपल्या धान्यव्यापारी बांधवांस अपरिचित नाही. इंदूरच्या छावणी बाजारात काबुली चण्याचा भाव बोलताना मेक्सिकोचे पीक कसे आहे, ही विचारपूस आजही होते. कारण परदेशच्या गिऱ्हाइकापुढे माळव्याच्या डॉलर चण्यास तोंड द्यावे लागते ते तिकडील सिनालोआ आणि सोनोरा या प्रांतांतील टपोऱ्या मालाशी. गव्हाचे नाते त्याहून जुने. 1966 साली भारत सरकारने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणविले. त्यात लर्मा रोहो या जातीचा वाटा मोठा होता. दाणा लाल, पोळी मनासारखी होत नसे, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडी आणि भाव उतरे, ही हकीकत आम्ही वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच वंशातून पिवळसर दाण्याच्या जाती सिद्ध केल्या आणि देशाची कोठारे भरली. असा हा देश एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी इच्छा आमच्या मनात फार दिवस होती.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ह्यूस्टन येथे असतात. 2023 सालचा चातुर्मास संपल्यावर आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो आणि डिसेंबरच्या आरंभी सर्वांनी मिळून मेक्सिकोस जाण्याचे ठरले. अमेरिकेचा चालू व्हिसा जवळ असल्याने निराळा व्हिसा काढावा लागला नाही. सूनबाईंचा ओढा कानकूनच्या भव्य हॉटेलांकडे होता. पण शेकडो खोल्यांच्या वाड्यात राहून देश दिसत नाही, असे आमचे मत, आणि ते मान्य झाले. मेक्सिको सिटीहून विमानाने वातुल्को व तेथून मोटारीने तासाभरात मासुंते, असा प्रवास झाला. हे गाव ओआहाका राज्याच्या दक्षिण टोकाशी पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंस दुकाने व खाणावळी, आणि खाली अर्धचंद्राकार पुळण. शेजारच्या सिपोलिते गावाचा किनारा वस्त्रविहीन स्नानासाठी प्रसिद्ध आहे. तेथे आम्ही गेलो नाही, एवढेच लिहून पुढे जातो.

हॉटेल म्हणजे टेकडीच्या उतारावर बांधलेल्या नऊ खोल्या. भिंती विटांच्या, वर माडाच्या झावळ्यांचे जाड छप्पर, पलंगावर मच्छरदाणी, पडवीत टांगलेली झोळी. पाणी पिण्यासाठी वीस लिटरचा निळा बुधला खोलीत आणून ठेवीत. नळाचे पाणी तेथील लोकही पीत नाहीत. खोलीचे भाडे दिवसास 900 पेसो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 4,300 रुपये. मालकीणबाई पन्नाशीच्या. तिकडे प्रौढ स्त्रीस 'दोन्या' म्हणून आदराने संबोधितात. आम्ही येथे त्यांस बाई म्हणू. त्यांचे वडील, वय ऐंशीच्या पुढे, दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद डोळ्यांनी घेत. आपल्या पेढीवर गल्ल्याशेजारी बसणाऱ्या वृद्धाची आठवण यावी, असे ते दृश्य होते.

आता भोजनाची गोष्ट, कारण आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न तोच असतो. मेक्सिकोत शाकाहार म्हटले की मांसाचे तुकडे काढून टाकितात. पण घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवितात आणि ओआहाकाच्या प्रसिद्ध त्लायुदा नावाच्या मोठ्या कडक भाकरीवर चरबीचाच लेप देतात. चीज बनविताना वासराच्या जठरातील विरजण वापरण्याची चाल असल्याने तेही आम्ही वर्ज्य केले. संत्र्याच्या फोडीबरोबर तिखट तांबडे मीठ आले, त्याची चौकशी करता त्यात वाळविलेल्या अळ्या कुटून घालतात असे समजले. पोचुत्ला गावच्या बाजारात भाजलेले टोळ टोपल्यांत भरून विकावयास मांडले होते. सौ. तेथून जी मागे फिरल्या, त्या मोटारीपाशी येऊनच थांबल्या.

चिरंजीवांस कामापुरती स्पॅनिश येते. त्यांनी पहिल्याच सायंकाळी बाईंस सर्व समजावून दिले: चरबी नको, अंडे नको, कांदा-लसूण नको, जमिनीखालचे काही नको आणि सूर्यास्तानंतर काहीच नको. बाईंनी यादी शांतपणे ऐकिली, वहीत लिहून घेतली आणि इतकेच विचारले की, मग मीठ-मिरची चालते ना? दुसऱ्या दिवसापासून सौ.ना स्वयंपाकघरात मुक्तद्वार मिळाले. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळे. पाच वाजता आमची पाने मांडली जात, आणि इतर पाहुणे आठ वाजता जेवावयास बसत. काळ्या घेवड्यात तेथे एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालतात. वायू धरू नये हा त्याचा हेतू, म्हणजे आपल्या हिंगाचेच काम. सौ.नी हिंगाची डबी पुढे केली. बाईंनी वास घेऊन नाक उडविले, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतली.

धान्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी वस्तू म्हणजे तेथील मका. आपण मका दळून पीठ करितो. ते लोक मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवितात, सकाळी चोळून साल काढितात आणि ओलेच दळतात. या पिठाची लहान भाकरी, म्हणजे तोर्तिया, मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर भाजतात. चुन्याने दाणा मऊ होतो व पीठ चिकट होऊन भाकरी तुटत नाही, हा एक लाभ; दुसरा असा की, मक्यातील नायसिन नावाचे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपियनांनी अमेरिकेतून मका नेला, पण चुन्याची युक्ती नेली नाही. त्यामुळे इटली आदि देशांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा व बुद्धीचा रोग पसरला. माल घ्यावा आणि त्याची रीत विचारू नये, याचे इतके महाग उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

मक्याचा भाव हा तिकडे राज्यकर्त्यांच्या झोपेचा प्रश्न असतो. 2007 सालच्या जानेवारीत तोर्तिया इतकी महागली की राजधानीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. अमेरिकेत मक्यापासून इंधन काढू लागल्याने बाजार तापला होता. सरकारने व्यापाऱ्यांशी ठराव करून किलोस 8.50 पेसो ही मर्यादा घातली. साठेबाजांच्या नावाने खडे फोडण्यात आले, हे सांगावयास नकोच. 1994 सालच्या व्यापारी करारानंतर अमेरिकेचा पिवळा मका मेक्सिकोत मोठ्या प्रमाणावर येतो, तो मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. माणसाच्या भाकरीस पांढरा मका देशातच पिकतो. बाईंच्या घरी मात्र मका शेजारच्या गावातील शेतकऱ्याकडून येई, आणि त्या दाणा दाताखाली फोडून ओल पाहात. ती पद्धत पाहून आम्हांस आपल्या बाजारातच बसल्यासारखे वाटले.

मासुंते गावाचा पूर्वेतिहास मात्र वेगळा आहे, आणि तो आम्हांस वृद्धांकडून तुकड्यातुकड्यांनी समजला. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास थव्यांनी येतात. पश्चिमेस एस्कोबिया नावाची पुळण आहे. तेथे काही हंगामांत घरट्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. अशी सामुदायिक आगमने जगात थोड्याच ठिकाणी होतात; आपल्या ओरिसाचा किनारा त्यांतील एक. 1960 नंतर कासवाच्या कातड्यास जोड्यांच्या धंद्यात मागणी आली आणि मासुंतेशेजारी सान आगुस्तिनियो येथे कत्तलखाना उभा राहिला. दोन्ही गावांचे पोट त्यावर चाले. 31 मे 1990 रोजी सरकारने समुद्री कासवांच्या शिकारीवर देशभर बंदी घातली.

ही बंदी योग्यच होती, याबद्दल आपल्या वाचकांत दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ती अमलात आल्यावर कोणाचे काय झाले, हे आम्ही वृद्धांस विचारिले. ते म्हणाले, "कातडी परदेशी धाडणारे दुसऱ्या धंद्यास लागले. आम्ही नाव किनाऱ्यावर ओढली आणि डोंगरात कॉफी तोडावयास गेलो." प्लुमा इदाल्गो भागातील मळ्यांत त्यांनी सहा हंगाम मजुरी केली. 1997 च्या ऑक्टोबरात पॉलिन नावाचे वादळ आले, त्यात जुने घर गेले. तोपर्यंत गावात कासवांचे संग्रहालय व संशोधनकेंद्र सुरू झाले होते, बायकांनी मिळून तेले, साबण वगैरे बनविण्याचा कारखाना काढला होता आणि पाठीवर पिशव्या टाकलेले परदेशी तरुण दिसू लागले होते. वृद्धांनी नवे घर बांधताना दोन खोल्या अधिक काढिल्या. हॉटेल झाले ते असे. ज्या नावेतून ते कासवे पकडीत, त्याच जातीच्या नावेतून आज त्यांचा नातू पाहुण्यांस कासवे दाखवावयास नेतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांस हाताशी धरून अंडी राखली, गोव्यात मोरजी व गालजीबाग येथेही रक्षण चालते. पण आपल्याकडे या गावांचा चरितार्थ कासवे मारण्यावर नव्हता. मासुंतेत तो होता. एका दिवसात धंदा बुडालेल्या माणसाची उमेद काय असते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

बारा डिसेंबरला ग्वादालूपेच्या देवीचा सण झाला. लहान मुलांस कोळशाच्या मिशा काढून, जुन्या शेतकरी वेशात सजवून देवळात नेत होते. त्या रात्री बाई आमच्याशी प्रथमच मोकळेपणाने बोलल्या. बाहेरचा एक मनुष्य संपूर्ण हॉटेल दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागत होता. तेथील जमीन बहुतांशी गावाच्या सामायिक मालकीची असल्याने खरेदीखत होत नाही, पट्टा होतो. मुलाच्या मते एकरकमी पैसा घ्यावा, वडील गप्प. आपण व्यापारी आहात, आपण काय केले असते, असे त्यांनी विचारिले.

परक्याच्या घरातील व्यवहारात बोलू नये, हा आमचा नेम. तरी प्रश्न सरळ होता, म्हणून आम्हीही सरळ उत्तर दिले. रक्कम किती, हे आम्ही विचारले नाही. वर्षाकाठी खर्च वजा जाता हाती काय राहते, हे विचारले. त्यांनी वही काढली. वही उत्तम होती, फक्त स्वतःच्या, मुलाच्या आणि सुनेच्या मेहनतीचे पैसे तीत कोठेच मांडलेले नव्हते. ते मांडून पाहता पट्ट्याची रक्कम वाटत होती तितकी हलकी ठरली नाही, हेही आम्ही लपविले नाही. चार खोल्या द्या, पाच व स्वयंपाकघर ठेवा, आणि मुदत दहाऐवजी तीन वर्षांची करा, असे आमचे मत पडले. मुलाच्या चेहऱ्यावरून ते त्यास फारसे रुचलेले दिसले नाही.

2025 च्या जून महिन्यात, 19 तारखेस, एरिक नावाचे चक्रीवादळ ओआहाकाच्या किनाऱ्यावर धडकले. चिरंजीवांनी लागलीच विचारपूस केली. माणसे सुखरूप होती. तीन खोल्यांच्या झावळ्या उडाल्या होत्या आणि नवे छप्पर चालू होते. चार खोल्या पट्ट्याने गेल्या आहेत, मुदत पाच वर्षे ठरली, आणि स्वयंपाकघर बाईंकडेच आहे. हिंगाची डबी संपली असून दुसरी धाडावी, असा निरोप त्यांनी सौ.ना पाठविला आहे.